हिवाळ्यातील नानकटाई

डिसेंबर महिना आला की आपल्या घरात एक छोटासा बदल होतो. फळीवर ठेवलेली खोबरेल तेलाची बाटली सकाळी उलटी केली, तरी तेल बाहेर येत नाही. ते गोठून पांढरेशुभ्र झालेले असते. मग आई ती बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवते आणि आपण शाळेच्या घाईत तेल पातळ होण्याची वाट पाहत बसतो. हे तुम्ही सर्वांनी अनुभवले असेल. आजच्या पाठात हेच गोठलेले तेल आपल्या उपयोगी पडणार आहे. नाताळच्या सुट्टीत त्यापासून आपण मसाल्याची नानकटाई करणार आहोत. या नानकटाईत तूप नाही, लोणी नाही, दूध-दही नाही आणि अंडेही नाही.

“तूप नाही, तर ती नानकटाई कसली?” असे तुमच्या घरातील मोठी माणसे म्हणतील. आमच्या अम्मीही हेच म्हणाल्या होत्या. म्हणून ही नानकटाई करावी असे मला का वाटले, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नाताळच्या सुट्टीपूर्वीचा शेवटचा दिवस होता. माझ्या वर्गातील मुलांसाठी मी दोन किलो नानकटाई घेऊन गेलो होतो. वर्गात एक मुलगी होती. तिला दूध चालत नाही, हे तिच्या वडिलांनी जून महिन्यातच शाळेत येऊन मला सांगितले होते. ते माझ्या लक्षातही होते. पण नानकटाई म्हणजे काही दूध नव्हे, असे मी समजून चाललो. माझ्या हातातील खोक्याकडे पाहून तिने विचारले, “सर, यात काय काय आहे?” मी म्हणालो, “घे बेटा, यात अंडे नाही, काही नाही.” तिने नानकटाई घेतली आणि अर्धी खाल्ली. थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले, गळ्यावर आणि हातांवर लाल गांधी उठल्या आणि ती खोकू लागली. आम्ही तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि दिवसभर तेथेच ठेवून घेतले. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली. तिचे वडील माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “सर, खाण्यापूर्वी तिने विचारले होते ना?”

होय, तिने विचारले होते. उत्तर माझ्याकडे नव्हते, तरी मी दिले होते.

आता ‘दूध चालत नाही’ म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. दूध न चालण्याचे दोन वेगवेगळे प्रकार आहेत आणि पुष्कळ लोक त्यांची गल्लत करतात. दुधात एक प्रकारची साखर असते. तिला लॅक्टोज म्हणतात. काही माणसांच्या आतड्यांत ही साखर पचवणारा रस पुरेसा तयार होत नाही. अशा माणसाने दूध प्यायले की पोट फुगते, दुखते, जुलाब होतात. त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो. अशा पुष्कळ लोकांना थोडे दही किंवा तूप पचते. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. दुधात केसीन आणि इतर प्रथिने असतात. ॲलर्जी असलेल्या माणसाचे शरीर या प्रथिनांना शत्रू समजते आणि त्यांच्यावर तुटून पडते. मग अंगावर गांधी येतात, ओठ सुजतात, कधी श्वास घेणेही कठीण होते. यासाठी पेलाभर दूध लागत नाही. चिमूटभर दुधाची पावडर किंवा लोण्याचा हात लागलेला चमचाही पुरतो. त्या मुलीचा प्रकार हा दुसरा होता. मी नेलेल्या नानकटाईत लोणीही होते आणि दुधाची पावडरही होती, हे मला नंतर कळले.

बाजारातील पाकिटांवर हिरवा ठिपका असतो, तो तुम्ही पाहिला असेल. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी पदार्थ. पण आपल्या देशात दूध हे शाकाहारी मानले जाते. म्हणून हिरवा ठिपका पाहून ‘यात दूध नाही’ असे समजू नका. त्यासाठी पाकिटाच्या मागील बाजूची बारीक अक्षरे वाचावी लागतात. गहू, दूध, अंडे, शेंगदाणे, सोयाबीन यांसारखे ॲलर्जी करणारे पदार्थ असतील, तर ते पाकिटावर वेगळे छापणे आपल्या देशात कायद्याने बंधनकारक आहे. मात्र खोक्यात भरून मिळणाऱ्या सुट्या मालावर काहीच छापलेले नसते. तेथे विचारण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

आता थोडेसे नावाविषयी. मराठीत आपण ‘नानकटाई’ म्हणतो. हिंदीत ‘नानखटाई’ असेही लिहितात. ते वाचून एखाद्याला वाटेल की हा पदार्थ आंबट असावा, कारण खटाई म्हणजे आंबटपणा. पण नानकटाईत आंबट असे काही नसते. तुम्ही उर्दू वाचणारी मुले आहात, तेव्हा या शब्दाचे कोडे तुम्हांला इतरांपेक्षा लवकर सुटेल. उर्दूत हा शब्द आपण ‘नान’ आणि ‘ख़ताई’ असा लिहितो. ‘ख़ताई’मध्ये ‘ख़े’ आणि ‘तोए’ ही अक्षरे येतात. ‘नान’ म्हणजे फारसीत भाकरी किंवा पाव. ‘ख़ता’ हे उत्तर चीनचे जुने फारसी नाव आहे. म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ ‘ख़ता देशाची भाकरी’ असा होतो. आपली नानकटाई चीनमधून आली, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. पदार्थांची नावे पुष्कळदा पदार्थांपेक्षा जास्त प्रवास करतात.

नानकटाईचे गाव म्हणून सुरतेचे नाव घेतात. सतराव्या शतकात सुरतेत डच व्यापाऱ्यांची वखार होती. त्यांच्यासाठी पाव भाजणारी भट्टी पुढे दोटीवाला नावाच्या एका पारशी कुटुंबाकडे आली, अशी हकिकत सांगतात. डच लोक निघून गेल्यावर पावाला गिऱ्हाईक उरले नाही. पावाचे पीठ ताडीने फुगवलेले असे आणि त्यात अंडेही असे, म्हणून गावातील लोक तो खाण्यास कचरत. तेव्हा त्या पारशी गृहस्थांनी ताडी आणि अंडे दोन्ही वगळून मैदा, साखर आणि तूप एवढ्यांवरच भागवले आणि नानकटाई तयार झाली. हकिकत खरी असेल किंवा लोकांनी थोडी रंगवलेलीही असेल. पण तिच्यातील एक गोष्ट मला फार आवडते. ज्या लोकांनी खावे असे आपल्याला वाटते, त्यांना काय चालत नाही हे त्या भट्टीवाल्याने आधी पाहिले.

आपण या हकिकतीच्या एक पाऊल पुढे जाऊन तूपही वगळणार आहोत. दूध, दही, तूप, लोणी, अंडी, मांस, मध असे प्राण्यांपासून मिळणारे काहीही न खाणाऱ्या लोकांना ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द फार जुना नाही. इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो तयार केला आणि या विचाराच्या लोकांची एक संस्था स्थापन केली. आपल्या देशातही अशा पदार्थांसाठी २०२२ साली सरकारने नियम केले. त्यांच्यासाठी हिरव्या रंगात ‘व्ही’ हे इंग्रजी अक्षर असलेली वेगळी खूण आहे. तुम्ही व्हीगन व्हावे असे मी मुळीच म्हणत नाही. ईदच्या दिवशी शीरखुर्मा मी पोटभर पितो. पण आपल्या वर्गात एखाद्याला दुधाची ॲलर्जी असेल, शेजारी अंडे न खाणारे जैन कुटुंब असेल, तर सर्वांना एका ताटातून खाता येईल असा एखादा पदार्थ आपल्याला यायला हवा.

आता मसाल्यांकडे वळू. आपल्याला पाच मसाले लागतील : वेलदोडा, दालचिनी, सुंठ, लवंग आणि जायफळ. उर्दूत तुम्ही त्यांना इलायची, दारचीनी, सोंठ, लौंग आणि जायफल म्हणता. दालचिनी आणि दारचीनी हा तर एकच शब्द आहे. फारसीत ‘दार’ म्हणजे लाकूड, तेव्हा दारचीनी म्हणजे चीनचे लाकूड. मराठीत ‘र’चा ‘ल’ झाला, एवढेच. पुन्हा चीन आलाच! खरी पातळ सालीची दालचिनी श्रीलंकेची. चीनकडून येते ती जाड सालीची. वाण्याच्या दुकानात बहुधा जाड सालीचीच मिळते. ती चालेल.

लवंग आणि जायफळ यांचे मूळ घर म्हणजे आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटे. जायफळ तर त्यांपैकी बांदा नावाच्या इवल्याशा बेटांवरच होत असे. युरोपात त्याला इतकी किंमत येई, की त्याचा व्यापार आपल्याच हाती राहावा म्हणून डच कंपनीने १६२१ साली बांदा बेटांवर स्वारी केली आणि तेथील हजारो माणसे मारली किंवा गुलाम केली. याच डच लोकांच्या देशात डिसेंबरच्या सुरुवातीला, संत निकोलसच्या सणाला, दालचिनी, लवंग, जायफळ आणि सुंठ घातलेली ‘स्पेक्युलास’ नावाची बिस्किटे करतात. लाकडी साच्यावर पीठ दाबून त्यांवर चित्रे उमटवतात. जर्मनीतही नाताळात मसाल्याचे ‘लेबकुखेन’ खातात. तेथे यांपैकी एकही मसाला उगवत नाही, तरी हिवाळ्याचा वास म्हणजे त्यांना हाच वास वाटतो. आपल्या कोकणात मात्र नारळी-पोफळीच्या बागांत आज दालचिनी आणि जायफळ दोन्ही होतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’ आणि जायफळाची ‘कोकण सुगंधा’ अशा जातीही तयार केल्या आहेत.

ओल्या आल्याऐवजी मी सुंठ सांगितली आहे, त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे आल्यातील पाण्याने नानकटाई मऊ पडते. दुसरे असे, की जैन मंडळी जमिनीखालचे आले खात नाहीत, पण वाळलेली सुंठ त्यांच्या बऱ्याच घरांत चालते. तरीही देण्यापूर्वी विचारा.

आता साहित्य घेऊ. दीडशे ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम बेसन, पंचवीस ग्रॅम बारीक रवा, एकशे दहा ग्रॅम पिठीसाखर, सव्वाशे ग्रॅम गोठलेले खोबरेल तेल, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. मसाल्यासाठी सात-आठ वेलदोड्यांचे दाणे, दोन लवंगा, अर्धा चमचा दालचिनीची पूड, अर्धा चमचा सुंठपूड आणि जायफळ किसून अगदी चिमूटभर. जायफळाच्या बाबतीत हात आखडता ठेवा. ते जास्त झाले तर चव कडवट होते, आणि फार जास्त खाल्ले तर ते शरीरालाही बाधते. तेल मात्र बाटलीवर ‘खाद्य’ असे लिहिलेलेच घ्या. केसांना लावण्याच्या सुगंधी तेलाची नानकटाई करू नका. आमच्या घरी एकदा हा प्रयोग झाला होता आणि तीन दिवस स्वयंपाकघराला मोगऱ्याचा वास येत होता.

गोठलेले तेलच का घ्यायचे? पातळ तेल मैद्यात घातले तर ते झिरपून जाते आणि पीठ ओघळू लागते. भट्टीत ठेवताच नानकटाई पसरून पापडासारखी होते. घट्ट तेल साखरेबरोबर फेटले तर साखरेच्या कणांमुळे त्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे अडकतात. हेच बुडबुडे पुढे उष्णतेने फुगतात. तूप आणि लोणी हिवाळ्यात घट्ट असते म्हणून लोक ते वापरतात. खोबरेल तेलही सुमारे चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली घट्ट होते आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तेवढी थंडी असतेच. बेकरीत या कामासाठी वनस्पती तूप वापरतात. तेही दुधापासून केलेले नसते. तेलावर हायड्रोजन वायूची क्रिया करून ते घट्ट केलेले असते. या क्रियेत हृदयाला अपाय करणारी ट्रान्स चरबी तयार होऊ शकते. म्हणून सरकारने २०२२ सालापासून तिचे प्रमाण दोन टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असा नियम केला आहे. खोबरेल तेल निसर्गानेच घट्ट केलेले आहे, म्हणून मी ते निवडले. अर्थात तेही रोज वाटीभर खाण्याची वस्तू नव्हे.

एका परातीत तेल आणि पिठीसाखर घ्या. वेलदोड्याचे दाणे आणि लवंगा थोड्या साखरेबरोबर कुटल्या तर लवकर बारीक होतात. सर्व मसाले याच वेळी तेलात मिसळा. मसाल्यांचा सुगंध स्निग्ध पदार्थात विरघळतो. पिठात कोरडे मिसळले तर तो तेवढा खुलत नाही. आता तळहाताने हे मिश्रण एकाच दिशेने फेटत राहा. सुरुवातीला ते रवाळ लागेल. सात-आठ मिनिटांत ते हलके, पांढरे आणि साबणाच्या फेसासारखे होईल. या कामात घाई करू नका. हात दुखला तर भावाला बसवा. हे काम मुलींचेच आहे असे कोणी समजू नये. भट्टीवर तर सगळे पुरुषच काम करतात.

मैदा, बेसन, रवा, मीठ आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून घ्या आणि फेटलेल्या मिश्रणात घाला. येथे एक नियम लक्षात ठेवा : मळायचे नाही. चपातीची कणीक आपण पाणी घालून मळतो, तेव्हा गव्हातील प्रथिने एकमेकांना धरून रबरासारखी जाळी तयार करतात. म्हणूनच चपाती लाटता येते. नानकटाईत ही जाळी नकोच असते. तेल मैद्याच्या प्रत्येक कणाभोवती पातळ पडदा धरते आणि जाळी होऊ देत नाही. आपण करंजी किंवा शंकरपाळ्यांच्या पिठात मोहन घालतो, तेही याच कारणाने. मराठीत अशा पदार्थाला ‘खुसखुशीत’ म्हणतात आणि उर्दूत ‘ख़स्ता’. बेसनात ही जाळी करणारी प्रथिने नसतात, म्हणून त्याने नानकटाई आणखी ख़स्ता होते. पीठ फक्त बोटांनी गोळा करा. गोळा होत नसेल तर आणखी एक चमचा तेल घाला. पाणी किंवा दूध घालू नका.

अंडे नाही, मग पदार्थ फुगणार कसा, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. केकमध्ये अंड्याला काम असते. तेथे ते पीठ धरून ठेवते. नानकटाईसारख्या कोरड्या पदार्थात त्याची गरजच नसते. फेटताना अडकलेली हवा आणि बेकिंग पावडरमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू यांवर काम भागते. जुन्या पद्धतीत खाण्याचा सोडा आणि दही घालतात. सोड्याला आंबट पदार्थ मिळाला की वायू निघतो. आपल्याकडे दही नाही, म्हणून बेकिंग पावडर घ्यायची. तिच्यात सोडा आणि आम्ल दोन्ही असतात. नुसता सोडा जास्त पडला तर चव साबणासारखी लागते.

आता लिंबापेक्षा लहान गोळे करा आणि तळहातावर किंचित चपटे करा. या साहित्यात पंचवीस-एक नानकटाया होतात. ताटाला हात पुसण्यापुरते खोबरेल तेल लावा आणि दोन गोळ्यांत दोन बोटांचे अंतर ठेवा. वर चारोळी किंवा पिस्त्याचा तुकडा दाबला तर छान दिसतो. पण काहींना सुक्या मेव्याचीही ॲलर्जी असते, हे विसरू नका.

भाजण्यासाठी सर्वांत उत्तम जागा म्हणजे बेकरीची भट्टी. मी लहान असताना रमजान ईद थंडीत येत असे. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून ईद दरवर्षी मागे सरकते. २००० साली तर ती दोनदा आली, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. कॅलेंडरच्या हिशेबाने २०३३ सालीही तसेच होईल. त्या दिवसांत तरावीहच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील मुले डोक्यावर नानकटाईचे पत्रे घेऊन बेकरीपुढे रांग लावत. संध्याकाळचे पाव भाजून झाले की भट्टीची धग थोडी उतरे आणि मग नानकटाईचा नंबर लागे. विटांच्या घुमटात आदली लाकडे विझली तरी उष्णता तासन्‌तास राहते आणि ती वरून-खालून सारखी लागते. कारागीर लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पत्रे आत सरकवत असे. कोणाचा पत्रा कोणता हे कळावे म्हणून प्रत्येक घराची खूण असे. आमची खूण म्हणजे मधोमध अंगठ्याचा ठसा. तरी एकदा आमच्या पत्र्याऐवजी दुसऱ्याचा पत्रा घरी आला आणि अम्मींनी पहिल्याच घासाला तो ओळखला! आता अशा लाकडी भट्ट्या कमी होत आहेत. हवेच्या प्रदूषणामुळे मुंबईतील लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला.

इतके असूनही ही नानकटाई मी भट्टीवर पाठवत नाही. भट्टीचे पत्रे सर्वांचे असतात. त्यांवर लोण्याची बिस्किटे, अंड्याचे केक, सर्व काही भाजले जाते आणि पत्रा फडक्याने पुसला तरी थोडे चिकटून राहतेच. ॲलर्जीच्या माणसासाठी तेवढेच थोडे पुष्कळ होते. म्हणून ही नानकटाई घरीच भाजायची, आणि परात, चाळणी, ताट साबणाने धुऊन मगच कामाला लागायचे.

घरी ओव्हन असेल तर एकशे सत्तर अंशांवर अठरा-वीस मिनिटे पुरतात. नसेल तर मोठे, जाड बुडाचे पातेले घ्या. त्यात बोटभर जाडीचा खडे मिठाचा थर द्या, वर एक लोखंडी तिवई ठेवा आणि झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. मग ताट तिवईवर ठेवून आच मंद करा. वीस-पंचवीस मिनिटे झाकण उघडू नका. एकदा उघडले की आतील उष्णता निघून जाते. हे काम घरातील मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करा. तापलेल्या मिठाचा चटका फार वाईट असतो. कडा किंचित बदामी झाल्या आणि वर भेगा पडल्या की नानकटाई झाली. वरचा भाग आधी वाळतो आणि आतला भाग अजून फुगत असतो, म्हणून त्या भेगा पडतात. ताट बाहेर काढल्यावर नानकटाई मऊ लागेल. कच्ची राहिली असे समजून पुन्हा आत ठेवू नका. गार होताना तेल पुन्हा घट्ट होते आणि ती आपोआप कडक होते. अर्धा तास तरी हात लावू नका. हे सर्वांत कठीण काम आहे.

पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरली तर दोन-तीन आठवडे टिकते. मी डब्यावर एक चिठ्ठी चिकटवतो. तिच्यावर उर्दूत आणि मराठीत सर्व साहित्य लिहितो : मैदा, बेसन, रवा, साखर, खोबरेल तेल, बेकिंग पावडर, मीठ आणि पाचही मसाले. कोणाला गहू चालत नसेल, कोणाला खोबरे चालत नसेल, तर त्याला ते वाचून कळते. पुढच्या वर्षी मी असा डबा वर्गात नेला, तेव्हा त्या मुलीने आधी चिठ्ठी वाचली. मग परात कशाने धुतली, ताटाला काय लावले, हेही विचारले. मी एकेक करून सांगितले. तिने वडिलांना दाखवण्यासाठी ती चिठ्ठी डब्यावरून काढून घेतली आणि दोन नानकटाया रुमालात बांधून घरी नेल्या. दुसऱ्या दिवशी सुट्टी लागली. जानेवारीत शाळा उघडली तेव्हा तिने मला सांगितले, “सर, लवंग जरा जास्त झाली होती.”

तेव्हापासून मी तीनऐवजी दोन लवंगा घालतो. फेब्रुवारी संपून उन्हाची झळ लागू लागली, की बाटलीतील तेल पुन्हा पातळ होते. त्यानंतर ही नानकटाई करायची असेल, तर तेल आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि गोळे केल्यावर ताटही थोडा वेळ थंड करावे लागते.